गुणाजीची रेघ

चौके गावच्या गुणाजी मेस्त्रीने हयातभर गणपती केले, पण आज त्याच्या हातचा एक दाखवा म्हटलं तर कुणालाही दाखवता यायचा नाही. यायचा कसा? मातीचा देव तो. चवथीला घरी आणायचा, कुणी दीड दिवस, कुणी अकरा दिवस पुजायचा आणि वाजतगाजत व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, नेऊन सोडायचा. त्याचं कुणाला कधी वाईट वाटलं नाही, कारण पुढच्या वर्षी गुणाजी होताच. ही गोष्ट त्याच्या लेकीची, वर्षालीची. तिला वाईट वाटलं, पण फार उशिरा.

नागपंचमी आली की मेस्त्र्यांच्या शाळेत घरोघरचे पाट यायचे. शाळा म्हणजे गणपतीची शाळा हो, मुलांची नव्हे. ज्याच्या घरचा पाट त्याच्याच पाटावर त्याचा देव बसायचा. माती मळायची, अंग घडवायचं, रंग द्यायचा ह्या सगळ्यात गुणाजीचा पुतण्या बाबली हाताशी असे. डोळ्यांना मात्र बाबलीने हात लावायचा नाही. डोळे शेवटी, आणि ते गुणाजी स्वतः आखणार. लहानपणी वर्षाली काळ्या रंगाची वाटी धरून शेजारी उभी राहायची. गुणाजी दम रोखून पापणीची रेघ ओढायचा, तशी ही पोरगीही श्वास धरून लालबुंद व्हायची.

"श्वास सोड गो बाय," तो हसायचा. "रंग काय उडान जातलो नाय."

तर अशी ती रेघ. आतल्या कोपऱ्यातून निघायची, मध्ये पोटात फुगायची आणि बाहेरच्या टोकाशी जराशी थबकून मग सुटायची. लोक म्हणायचे, मेस्त्र्यांचो देव घरात इलो की आधी आपणाक बघता.

वर्षालीने मालवणात डिप्लोमा केला आणि दोन हजार एक साली पणजीत एका लहानशा कंपनीत कामाला लागली. तिथे वस्तूंची चित्रं संगणकावर घडवण्याचं सॉफ्टवेअर बनवत. खुर्ची असो, नळ असो की माणसाचं तोंड, सगळं बारीक बारीक सपाट तुकडे एकमेकांना जोडून उभं करायचं. आता सपाट तुकड्यांनी गोल वस्तू करायची म्हणजे आली पंचाईत. त्यातून त्या सॉफ्टवेअरची रेघ मारायची सोय तर इतकी भिकार की माऊसने सुंदर वळण काढावं आणि पडद्यावर जिन्याच्या पायऱ्या उमटाव्यात. गिऱ्हाइकं बोंब मारत होती. साहेबांनी ते काम वर्षालीच्या गळ्यात घातलं.

तिने ते मनावर घेतलं. हाताने मारलेली रेघ म्हणजे संगणकाच्या लेखी नुसते ठिपके, शेकड्याने ठिपके. त्यातले नको ते ओळखायचे, काढून टाकायचे, उरलेल्या मोजक्या ठिपक्यांवरून गुळगुळीत वळण न्यायचं. मग ते वळण ओढा, ताणा, कसंही वाकवा. काम तडीस गेलं तेव्हा ऑफिसात तिला 'रेघवाली' म्हणायला लागले. पोरगी खूश. का नसणार? पण ह्याच कामाच्या पायी दोन हजार पाचच्या चवथीला ती घरी आली नाही. नवी आवृत्ती द्यायची होती. विमलाने, तिच्या आईने, फोनवर एवढंच विचारलं, "देवाक तरी येवचा गो?" ही म्हणाली, "पुढच्या वर्षी येतलंय." गुणाजीने स्वतःच्या हाताने डोळे आखलेले ते शेवटचे गणपती. ते तिने पाहिले नाहीत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती घरी आली, तर बापाच्या हातातला चहा बशीत सांडत होता. "काय झाला नाय गो, जरा हात कापता," असं म्हणून त्याने कप खाली ठेवला. डॉक्टरने कंपवात म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट तिला कुणी कळवलीच नव्हती. गुणाजी शाळेत जाऊन बसायचा, कोरडा कुंचला हवेत धरायचा आणि पुन्हा डब्यात ठेवायचा. औंदा डोळे कोण आखणार हे कुणी विचारत नव्हतं. विचारायची छाती कुणाची होती?

वर्षालीला मात्र एकच ध्यास लागला: बाबांची रेघ जाता कामा नये. तिच्याकडे तर अवजार होतं! नको ते ठिपके काढून टाकायचे हेच तर ती करत आली होती. हाताची थरथर म्हणजे तरी काय, नको ते ठिपकेच. पणजीला जाऊन तिने सोय आणखी कडक केली. इतकी कडक, की कितीही वेडीवाकडी रेघ मारा, सुरुवात, शेवट आणि मधला फुगवटा नेमून दिलेल्या जागी बसवून संगणक ती साफ करणार. देवाचं मस्तकही तिने सपाट तुकडे जोडजोडून पडद्यावर घडवलं, त्या रेघेला बसायला. मग ऑफिसातला लॅपटॉप आणि त्याला जोडायची, पेनाने लिहायची काळी पाटी मागून घेतली आणि नागपंचमीच्या आधी घर गाठलं.

"बाबानू, हय रेघ मारा."

गुणाजीने पेन धरलं. हात थाडथाड उडत होता. पाटीवर कशीबशी रेघ ओढली, ती पडद्यावर क्षणभर करवतीसारखी दिसली आणि लगेच स्वच्छ झाली. वर्षालीने टाळीच वाजवली. तिचे डोळे भरून आले होते, खरं सांगायचं तर.

गुणाजी पडद्याकडे बघत राहिला. "ही थरथर खंय गेली?"

"मिया काढून टाकलंय."

"आणि टाकलंस खंय?"

"खंय म्हणजे? टाकली. व्हयी कित्याक ती?" ती हसली.

गुणाजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरी आसा."

झालं. रेघ कागदावर छापायची, तिच्यावर टाचणीने भोकं पाडायची, कागद देवाच्या तोंडावर धरून कोळशाची पूड थापायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून बाबलीने कुंचला फिरवायचा. गुणाजी प्रत्येक पाटाचे डोळे वेगळे काढायला बसायचा. एकच कागद सगळ्यांना चालेल म्हणून वर्षालीने सांगून पाहिलं, पण त्याने ऐकलं नाही. हात दुखेपर्यंत काढायचा आणि दर वेळी पडद्याकडे बघून म्हणायचा, "बरी आसा." गावात कौतुक झालं. मेस्त्र्यांच्या चेडवान बापाचो हात मशीनीत ठेवल्यान, असं लोक एकमेकांना सांगत होते. हे ऐकून वर्षालीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

दुसऱ्या वर्षी एवढंच झालं, की वरच्या वाडीतली हौसाबाई देव न्यायला आली आणि शाळेतच उभी राहिली. तिचा कर्ता मुलगा त्या पावसाळ्याच्या तोंडावर गेला होता. ती देवाकडे बघत होती, डोकं इकडून तिकडे करत होती. शेवटी म्हणाली, "औंदा देव माझ्याकडे बघणा नाय रे गुणाजी." बाईचं दुःख बोलतंय, वर्षालीला वाटलं. तिने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. गुणाजी उठून मागच्या पडवीत गेला आणि देव बाहेर पडेपर्यंत आला नाही.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत गुणाजी गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास दिला नाही. वर्षाली ऊर बडवून रडली, पण मनात कुठेतरी तिला धीर होता. रेघ आहे ना आपल्याकडे. तीन वर्षांचे सगळ्या पाटांचे डोळे तिने नीट ठेवले होते, घराघराच्या नावाने.

नागपंचमीला पाट आले. बाबली पाट पुसत होता. वर्षाली लॅपटॉप उघडून म्हणाली, "आपल्या घरच्या देवाक खंयच्या वर्साचे डोळे घेवया?"

बाबली पाट पुसून झाला तरी पुसतच राहिला. मग म्हणाला, "आपल्या घराक औंदा खाली व्हये."

"खाली म्हणजे?"

"तुका ठावक नाय? ज्या घरात कोण गेलेला आसात, त्या घरच्या देवाची पापणी काका जरा खाली आणी. देवान तेंच्याकडे वाकान बघूक व्हया म्हणान. सांगी नाय कोणाक. मिया बघून बघून वळाखलंय."

वर्षालीला आठवली हौसाबाई. तिने त्या वर्षीची हौसाबाईच्या पाटाची रेघ उघडली. शेजारच्या घराची उघडली, त्याच्या पुढच्याची उघडली. सगळ्या एका वळणाच्या, एका उंचीच्या.

"काकान खालीच मारलेली," बाबली म्हणाला. "माझ्यासमोर मारल्यान. मशीनीन वर नेल्यान."

"मगे माका सांगूक नाय ता?"

"मिया म्हटलंय सांगतंय म्हणान. काकान शपथ घातल्यान. म्हणालो, ही रेघ माजी न्हय, मशीनची आसा. पण चेडवान किती हौसेन केल्यान, तेचा मन कित्याक मोडूचा? काकीक पण ठावक आसा."

आता त्या रेघेवरची सफाई काढून खालची मूळ रेघ तेवढी मिळवायची होती. थरथरत का असेना, पापणी कुठे वळली, टोकाशी कुठे थबकली ते तरी दिसेल. तिने फाईल उलगडली. आत मोजके ठिपके होते, बाकी काही नव्हतं. असणार कुठून? नको ते ठिपके ठेवायचेच नाहीत, म्हणजे फाईल हलकी होते, हे तिनेच लिहिलं होतं, आणि त्याबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. तिने पेन घेऊन स्वतःच पापणी खाली आणून पाहिली, मुद्दाम, हात न हलवता. पडद्यावर रेघ वर गेली आणि बापाच्या म्हणून जपलेल्या रेघांशेजारी जाऊन बसली. दोन्हींत तिला स्वतःलाच फरक कळेना.

तीन वर्षं. तीन वर्षं त्या माणसाने दुखऱ्या हाताने घरोघरचं दुःख ओळखून रेघा मारल्या आणि हिने एकेक करून पुसल्या, वर टाळ्या वाजवल्या. कुणाला सांगायची ही गोष्ट? ती शाळेच्या खांबाला टेकून रडत राहिली, आणि बाबली वाटीत रंग घोटत राहिला, कारण दुसरं काय करणार बिचारा.

मग बापाच्या हातची जुनी रेघ शोधायला तिने गावभर हिंडून घरोघरचे आल्बम पाहिले. फोटोत हार होते, मखर होतं, समयीची चकाकी होती, नवीन कपड्यांतली पोरं होती. देवाचा डोळा तिळाएवढा. बाकी सगळं व्हाळाने नेलेलं.

"डोळ्यांचो कागद देतंस मा?" बाबलीने विचारलं.

"नको. तू हातान काढ."

बाबलीने हाताने काढले. घरच्या देवाचा एक डोळा खाली गेला, दुसरा त्याहून खाली. कुणी नावं ठेवली नाहीत.

वर्षाली पणजीला परतली ती एक काम मनात धरून. पुढच्या आवृत्तीत रेघेच्या सोयीपाशी तिने एक चौकोन घातला: मूळ रेघ ठेवा. चौकोनात खूण आपसूक केलेली, ज्याला नको त्याने काढावी. आता कुणी कितीही वाकडी रेघ मारली, तिच्यावर कितीही सफाई केली, तरी पहिला हात खाली शाबूत राहतो. गिऱ्हाइकांची पत्रं आली, फार उपयोगाची सोय केलीत म्हणून. साहेबांनी पेढे वाटले. तिने पेढा हातात धरला आणि जिन्यात जाऊन बसली.

वर्षश्राद्धाला ती घरी आली. जेवणं झाली, माणसं पांगली. विमला पदराला हात पुसत तिच्याजवळ येऊन बसली.

"तेंची रेघ आसा मा तुझ्याकडे? माका एकदा दाखव गो."

वर्षालीने आईकडे पाहिलं. नाही कसं म्हणायचं? तिने लॅपटॉप उघडला, शेवटच्या वर्षाची रेघ काढली आणि पडदा आईकडे वळवला. विमला बराच वेळ बघत होती. मग तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बरी आसा."