किरकोळ व इतर

घर बांधायला किती खर्च येईल हे सांगणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यांतले निम्मे थापा मारतात. टक्केसाहेबांचा आकडा मात्र कधी चुकला नाही. विटा, सिमेंट, वाळू, मजुरी हे काय, कुणीही मांडतं. साहेबांची खरी करामत शेवटच्या ओळीत असे: ‘किरकोळ व इतर’.

ती ओळ भरण्यासाठी ते घरमालकाकडे चहाला जात. कप हातात आला की सहज विचारल्यासारखं नवरा-बायकोला विचारत, ‘‘स्वयंपाकघराची खिडकी कुठे काढायची?’’ आणि हळूच घड्याळ बघत. भांडण जितकी मिनिटं चाले, तितके टक्के. जी माणसं खिडकीवरून सात मिनिटं भांडतात, ती बांधलेली भिंत एकदा तरी पाडायला लावणारच, हा त्यांचा अनुभव. एका जोडप्याने मात्र एका सुरात ‘‘पूर्वेला’’ म्हटलं, तेव्हा साहेबांनी गुपचूप वीस टक्के लावले. चारचौघांत इतकी गोड वागणारी माणसं पाया खणल्यावर काय करतील, याची त्यांना धास्ती वाटली. पुढे त्या घराच्या जिन्याने तीनदा जागा बदलली.

एवढा हुशार माणूस, आणि स्वतः बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथे ओट्यापुढे खिडकी नव्हती, नुसती भिंत. त्या भिंतीकडे बघत बायको बावीस वर्षं कांदे चिरत होती. प्लॉट घेऊनही नऊ वर्षं झाली होती, आणि दर वर्षी साहेबांचं एकच, ‘‘अंदाजपत्रक नीट होऊ दे.’’

शेवटी ती म्हणाली, ‘‘अहो, लोकांची घरं आठवड्यात मांडता. मला माझी खिडकी डोळ्यांना दिसतंय तोवर मिळेल का?’’

हे साहेबांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी साठवलेले पैसे काढले, आकडे मांडले. घर बसत होतं, पण अगदी काठोकाठ. किरकोळला पाच टक्क्यांच्या वर जागा नव्हती. आता स्वतःच्या भांडणाला स्वतःच घड्याळ लावणं काही बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे वीस वर्षं त्यांच्या आकड्यांवर घरं बांधणारा गवंडी, सरळ माणूस.

मिस्त्रींनी चहा घेतला, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, ‘‘वहिनी, खिडकी कुठे काढायची?’’

‘‘ओट्यापुढे,’’ बायको म्हणाली.

‘‘बरोबर,’’ साहेब म्हणाले.

चार सेकंद. साहेबांची छाती फुगली. आता इथे माणसाने गप्प बसावं की नाही? पण गप्प बसतील तर ते साहेब कसले.

‘‘फक्त एक सुचवतो,’’ ते म्हणाले.

झालं. खिडकी ओट्यापुढेच, पण जरा डावीकडे. ती डावीकडे घेतली तर नळ उजवीकडे. नळ उजवीकडे म्हणजे मोरी मागे, मोरी मागे म्हणजे जिना पुढे, आणि जिना पुढे आल्यावर खिडकी हवीच कशाला, झरोका पुरे. मधेच त्यांना आठवलं की बायको बुटकी आहे, तेव्हा खिडकी चार बोटं खाली हवी. मग ते बोलता बोलता गच्चीवर चढले आणि तिथून पाण्याच्या टाकीत उतरले. बायकोने कांदे चिरले, भांडी घासली आणि मिस्त्रींना आणखी एक चहा दिला.

‘‘त्रेचाळीस मिनिटं,’’ मिस्त्री शेवटी म्हणाले. ‘‘आणि साहेब, भांडणात दुसरं कुणी नव्हतं.’’

साहेबांचा चेहरा पडला. आजवर त्यांनी कुणाचा एक टक्का कमी केला नव्हता, सख्ख्या भावाचासुद्धा नाही. त्यांनी कागदावर त्रेचाळीस लिहिले आणि पेन खाली ठेवलं. ‘‘नाही जमायचं गं,’’ ते म्हणाले, आणि त्यांना खरंच रडू आलं.

बायकोने पदराला हात पुसले आणि कागद ओढून घेतला. ‘‘विटा महाग नाहीत, सिमेंट महाग नाही. महाग तुम्ही आहात. घर होईपर्यंत माझ्या भावाकडे जाऊन राहा.’’

साहेब आठ महिने मेहुण्याकडे राहिले. प्लॉटवर फिरकायचं नाही, मिस्त्रींना फोन करायचा नाही. मेहुण्याच्या जिन्याला एक पायरी जास्त आहे हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला पटवून दिलं. त्या बिचाऱ्याने ती फोडली, आणि मग महिनाभर घरातले सगळे उडी मारून वर जात होते. मेहुणा रोज बहिणीला फोन करी, ‘‘ताई, स्लॅब झाला का?’’

घर उभं राहिलं तेव्हा ती त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यापुढे खिडकी, आणि नळ, मोरी, जिना नकाशात होते तिथेच. साहेबांनी सवयीने टेप काढून मोजलं. खिडकी तेवढी नकाशापेक्षा चार बोटं खाली होती. बायको ओट्याशी उभी राहिली, तर टाचा न उचलता तिला बाहेरचं झाड दिसत होतं.

साहेबांनी हिशेबाचा कागद मागितला. तिच्या अक्षरात शेवटची ओळ होती: किरकोळ व इतर, एक टक्का.

‘‘हा कशाचा?’’

‘‘त्रेचाळीस मिनिटांतलं एक मिनिट कामाचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढं ठेवलं.’’

साहेबांना पुष्कळ काही बोलायचं होतं. त्यांनी टेप खिशात घातला, खिडकीपुढे उभे राहिले आणि कांदे चिरायला घेतले.