दिव्याचा अर्ज आणि तळवड्याचा ओढा

तळवड्यातल्या एका वर्कशॉपमध्ये दिव्या सोनटक्के चार वर्षं क्वालिटीला होती. मशिनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर असला तर हिरव्या क्रेटमध्ये, नसला तर लाल क्रेटमध्ये टाकायचा आणि शिफ्ट संपताना रिपोर्ट लिहायचा. बारावी झाल्यावर ती इथे लागली आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत राहिली. रिपोर्टातल्या शेऱ्याच्या रकान्यात बाकीच्या मुली 'ओके' नाहीतर 'नॉट ओके' लिहायच्या. दिव्या पूर्ण वाक्य लिहायची. 'दुपारनंतर टूल घासलेलं वाटतं, भोक किंचित तिरकं येतंय.' सुपरवायझर हसायचा, पण टूल बदलायचा.

जानेवारीत तिच्या बी.ए.च्या ग्रुपवर कुणीतरी एक जाहिरात टाकली. चिंचवडमधल्या, नद्या-ओढ्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेला कम्युनिकेशन्सचं काम शिकायला इंटर्न हवा होता. लोकांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं लिहून काढायचं, पत्रकं आणि छोटे व्हिडिओ तयार करायचे. अर्जासोबत पाचशे शब्दांचा मजकूर मागितला होता : तुमच्या घराजवळच्या कुठल्याही पाण्याबद्दल लिहा. मराठी चालेल.

तिने वडिलांना दाखवलं. उद्धवराव वीस वर्षांपूर्वी जिंतूरकडून आलेले. चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं कंत्राटी राहून मग कायम झालेले.

"इंटर्न म्हंजे ट्रेनीच ना?"

"हो, तसंच."

"अन् पर्मनंट कधी करतेत?"

"पप्पा, सहा महिन्यांचंच आहे ते."

"मग हातातलं सोडून कामून जायचं?" ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. दिव्या म्हणाली, "भरून तर बघते."

पहिला मजकूर तिने इंग्रजीत लिहिला. 'वॉटर इज लाइफ' असं सुरू केलं आणि धरणं, हवामानबदल, पुढच्या पिढ्या असं सगळं भरलं. सकाळी कामावर निघताना तिने तो बसथांब्यावर वाचला. त्यात एकही गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सरळ लाल क्रेटमध्ये टाकावा असा माल. तिने तो पुसून टाकला.

मग रविवारी ती घरमालकीण शालनबाईंकडे गेली. शालनबाईंचं घर जुन्या गावातलं. घरामागे सहा खोल्या भाड्याच्या, त्यातल्या एकीत सोनटक्के नऊ वर्षं राहत होते. त्यापलीकडे शालनबाईंच्या मुलाने, रणजीतने, जुन्या शेतात तीन शेड बांधून छोट्या कारखानदारांना दिल्या होत्या. शेडच्या मागून ओढा जायचा, पुढे इंद्रायणीला मिळणारा.

"आजी, या ओढ्याचं पाणी तुम्ही कधी प्यायलात?" दिव्याने विचारलं.

शालनबाई शेंगा फोडत होत्या. "प्यायलो म्हंजे? आमी लगीन होऊन आलो तवा दुसरं पानीच न्हवतं. चैतात वढा आटायचा. मग वाळूत झिरा खणायचा, हातभर. वाटीनं पानी काढून हंडा भरायचा. लई गोड पानी. चल, जागा दावते."

त्या तिला ओढ्यावर घेऊन गेल्या. वाटेत बाभळी, पिशव्यांचा ढीग, कुणीतरी टाकलेला गादीचा कापूस. शालनबाई एका काळ्या खडकापाशी थांबल्या. "हितं. माझा झिरा या खडकाच्या बुडाला. पल्याड जावेचा. तिच्या झिऱ्याला पानी कमी, म्हनून ती रोज माझ्याआधी यायची."

दिव्या मोबाइलवर बोलणं टिपत होती. बोलता बोलता तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. खडकाच्या वरच्या बाजूने पांढरट, दुधासारखी धार वाहत येत होती. तिला ते काय आहे हे विचारावं लागलं नाही. मशिनवर पार्ट कापताना तापू नये म्हणून सोडतात ते तेलपाणी, कुलंट. जुनं झालं की आंबट वास सुटतो. रोज तिच्या हातांना तोच वास असायचा. धारेच्या कडेने ती वीसेक पावलं वर गेली. तिसऱ्या शेडच्या मागच्या भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता.

ती खडकापाशी परत आली. शालनबाईच म्हणाल्या, "आमच्याच शेडमधनं येतंय. म्हाईत हाय मला."

"आजी, मी हे नाही लिहिलं तरी चालेल."

"का? झिऱ्याचं लिव्हनार, आन त्याचं काय झालं ते न्हाई लिव्हनार व्हय?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लिव्ह. माझं नाव पन घाल."

दिव्याने दोन दिवसांत लिहून काढलं. जावेचा झिरा, वाटी, खडक, पाइप, सगळं. रणजीतचं नाव घातलं नाही, 'आमच्या घरमालकांच्या शेडमधून' एवढंच लिहिलं. पाठवण्याआधी ती त्याच्याकडे गेली आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. रणजीतने उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

"नाव न्हाई घातलंस, पण कळायचं ते कळतंय की."

"दादा, चुकीचं काही लिहिलं असेल तर सांगा. काढते."

"चुकीचं कुठाय?" तो म्हणाला आणि मोबाइल परत देऊन आत गेला.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. उद्धवरावांना काळजी लागली. नऊ वर्षांत भाड्यावरून, पाण्यावरून एकदाही शब्दाला शब्द लागला नव्हता. "घर बदलायची पाळी आली तर?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण म्हातारीनं लिव्ह म्हणलंय ना? मग धाड."

तिने अर्ज पाठवला.

आठवड्याने ती सुट्टीच्या दिवशी ओढ्यावर गेली, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं. पाइपच्या तोंडाशी सिमेंट थापलेलं होतं. शेडच्या मागे दोन निळे ड्रम आले होते, झाकण लावून ठेवलेले. खडकापाशी पाणी अजून मळकटच होतं, पण दुधाची धार नव्हती. रणजीतने कुणालाच काही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

त्या दिवशी दिव्याने संस्थेला आणखी एक मेल लिहिला. 'मी पाठवलेल्या मजकुरातला शेवटचा परिच्छेद आता खरा राहिलेला नाही. घरमालकांनी पाइप बंद केला आहे. कृपया तो परिच्छेद वगळावा किंवा सोबतचा नवा घ्यावा.' पाठवल्यावर तिला वाटलं, गेलं आता. सगळा जोर त्या परिच्छेदातच होता. बुजवलेला पाइप आणि ड्रम एवढंच सांगणारा नवा अगदीच मवाळ वाटत होता.

मुलाखतीला तिला बोलावलं. चिंचवडला, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मोनिका नावाच्या बाईंनी समोर तिचे दोन्ही परिच्छेद ठेवले होते.

"पहिला जास्त चांगला आहे. मग बदललात का?"

"क्वालिटीला आम्ही तसंच करतो, मॅडम. रिपोर्ट गेल्यावर माप बदललं तर दुसरा रिपोर्ट काढावा लागतो. नाहीतर पुढचा माणूस चुकतो."

मोनिकाताईंनी मान हलवली, पण हसल्या नाहीत. "आणि ते ड्रम? भरल्यावर कुठे जातात?"

एवढं सगळं पाहूनही हे दिव्याच्या मनात आलं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

परत येताना बसमध्ये तिला स्वतःचाच राग येत होता. पण घरी न जाता ती तडक रणजीतच्या दारात उभी राहिली. "दादा, ड्रम कोण नेतं?"

रणजीतने आधी तिच्याकडे रोखून पाहिलं. "टेंपोवाला येतो म्हणे."

"तो कुठे नेऊन ओततो?"

"ते..." त्याने पायात चपला सरकवल्या. "चल, विचारू त्याला."

दोघं तिसऱ्या शेडवर गेले. भाडेकरूलाही ठाऊक नव्हतं. त्याने टेंपोवाल्याला फोन लावला, टेंपोवाल्याने दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं, त्या दुसऱ्याने फोनच उचलला नाही. रणजीत चिडला. "आपण ड्रम आणले, पाइप बुजवला, आन हा कुठं दुसऱ्याच्या वढ्यात ओतत असंल तर?" महिन्याभरात त्याने तो टेंपोवाला बंद केला आणि असं तेलपाणी नेण्याचा परवाना असलेला माणूस तो शोधू लागला. दिव्या त्याला नंबर काढून देत होती.

निवड झाल्याचा मेल मार्चमध्ये आला. वर्कशॉपच्या सुपरवायझरने तिचा राजीनामा दोनदा वाचला आणि म्हणाला, "आता शेरे कोण लिहिणार?"

कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याने विचारलं, तेव्हा उद्धवरावांनी सांगितलं, "पोरगी आता नदीच्या कामावर हाय. ट्रेनी हाय सध्या."

दिव्याचं पहिलं काम ठरलं ते पत्रकाचं. वापरलेलं कुलंट कुणाला द्यायचं आणि देताना पावती का मागायची, एका पानात, मराठी आणि हिंदीत. तिने ते चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा जमलं. छापून ते तळवड्याच्या गल्ल्यांतून वाटायला निघाली, तर रणजीत गाडी काढून बाहेर उभा होता. "त्या मागच्या गल्लीत कुत्री लई हायेत," तो म्हणाला. "बस मागं."