पाखऱ्याचं काय होतं?

बोदवड स्टेशनावर उतरले तेव्हाच पाय जड झाले होते. फलाटावर ऊन पसरलं होतं, आणि परत फिरावं असं पहिल्यांदा तिथेच वाटलं.

मी हळव्या वाचकांसाठी अद्भुत साहसकथा लिहिते. त्यांत उडते प्राणी, अग्निपर्वत, हरवलेली राज्यं सगळं असतं. फक्त कुणाचा छळ चवीने रंगवलेला नसतो. वाचलेलं दुःख ज्यांच्या अंगात आठवडाभर राहतं, त्यांच्यासाठी ही पुस्तकं. खानदेशातल्या काही वाचनालयांनी बोलावलं, म्हणून निघाले होते.

बोदवडला खुर्च्या भरपूर, माणसं थोडी. पहिल्या रांगेतले निवृत्त गुरुजी उठले. "मॅडम, लढाईत रक्तच नाही, मग साहस कसलं?" याचं उत्तर मी गावोगाव देत आले होते. त्या दिवशी नुसती हसले आणि पाणी प्यायले.

जळगावला मुक्काम करून सकाळी धुळ्याला आले, तिथून साक्रीची एसटी धरली. वाटेत कापसाची उघडी पडलेली शेतं, मग दूरच्या टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या. तेवढ्यात गाडी धूर सोडून थांबली. कंडक्टरना विचारलं, "भाऊ, किती वेळ?"

"दुसरी गाडी ई तव्हय (येईल तेव्हा) जाऊत. सावलीमा बसा, ताई."

बसले. बाभळीखाली डोळे मिटत होते आणि कार्यक्रमाची वेळ टळत होती.

साक्रीला पोचले तर वाचनालयाला कुलूप. लोक वाट पाहून गेले होते. पायरीवर मात्र साठीच्या एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली. "मी सुमन. बठ्ठा (सगळे) गयात. मी म्हटलं, ताई येतीलच."

सुमनअक्कांनी मला घरी नेलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची), ठेचा, वर तेल. मी जेवत असताना त्यांनी पिशवीतून माझं पुस्तक काढलं. मधोमध खूण घातलेली होती. पाखऱ्या हा माझ्या कथेतला प्रवासी पक्षी, अडकलेल्या मुलीला आणायला अग्निपर्वताच्या गुहेत शिरतो, ते पान.

"आमचे नाना पहिले वाचेत," त्या म्हणाल्या. "मंग माले (मला) सांगेत, वाच, काही नही होत. नाहीतर म्हनेत, हे पान सोड." नाना म्हणजे त्यांचे यजमान. दिवाळीआधी गेले. तेव्हापासून पुस्तक त्या पानावर थांबलं होतं.

"तो मरी जास का, ताई?"

कथेचा शेवट आधी सांगू नये, हा आमच्या धंद्यातला नियम. त्या समोर उत्तराची वाट पाहत होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

"नाही, अक्का. जगतो. मुलगीही सुखरूप येते. पण त्याचा एक पंख जळतो."

त्यांनी खुणेच्या पानावर बोट ठेवलं. "दुखस का त्याले?"

"दुखतं. चार पानं दुखतं. मुलगी सारखी त्याच्याजवळ असते. पुढे तो उडत नाही, चालतो."

"मंग वाचसू (वाचेन). तुमी बसा मनाजोडे (माझ्याजवळ)."

त्या मोठ्याने वाचू लागल्या. गुहेच्या तोंडाशी त्या थांबल्या, माझा हात धरला आणि पुन्हा वाचू लागल्या. पंख जळाला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट ओळीवरून हललं नाही. मी लिहिलेलं मलाच कुणीतरी वाचून दाखवत होतं. कितीतरी दिवसांनी मला काही बोलावं लागत नव्हतं. ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपले.

जाग आली तेव्हा अंगावर गोधडी होती, बाहेर उन्हं कलली होती. पुस्तक मिटलेलं होतं आणि अक्का चहा गाळत होत्या.

"चालस आता," त्या म्हणाल्या. "हळूहळू, पण चालस." पाखऱ्याबद्दल म्हणाल्या की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत थकवा होताच, पाठ दुखत होती. आजवर मला वाटायचं, भीती वाटू नये असं लिहिणं म्हणजे हळव्या माणसाची काळजी घेणं. अक्कांना भीती चालत होती. गुहेत शिरण्याआधी आत काय आहे ते सांगणारं माणूस तेवढं हवं होतं. घरी पोचताच नव्या पुस्तकाचं पहिलं पान लिहिलं: या गोष्टीत एक जुनी होडी बुडते, माणसं सगळी वाचतात. आता वाचा.