तात्यांची सुरगाठ

घोडा खांबाला बांधून झाला की तात्या गाठीचं टोक एकदा ओढून बघायचे. गाठ झटकन सुटायची. मग तीच सुरगाठ पुन्हा मारायचे आणि म्हणायचे, "बांधावं, पर सुटाया पायजे."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, त्यामुळे साताऱ्यात टांगेवाल्यांना भाव आला होता. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. गुडघ्यांत वात, चढ चढवेना, म्हणून रोज तात्यांचा टांगा. बाकीचे टांगेवाले निम्मा रस्ता घोड्याला शिव्या देण्यात घालवत, तात्या गप्प. शेजारी त्यांचा एकुलता एक मुलगा सदा, सतरा-अठरा वर्षांचा. आई लहानपणीच गेलेली.

पहिल्या दिवशी मला पोरगं भारी आवडलं. डोळे चमकत होते, तोंडाला खळ नव्हता. तो अजिंक्यताऱ्यावर पाण्याचा पाट नेणार होता, माझ्या शाळेला दोन मजली इमारत बांधून देणार होता. उतरताना मी म्हटलं, "हुशार आहे हो मुलगा."

"चढ लागलाय, बाई," तात्या म्हणाले. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई त्याच्या."

पुढच्या महिन्यात तोच सदा टांग्यात पोत्यासारखा पडून. बोलेना, खाईना. तात्या दुधात भाकरी कुस्करून त्याला भरवत. "आता उतार. उतारालाच गाडी लय सांभाळावी लागती."

का, ते मला नंतर कळलं. अशाच एका उतारात तो विहिरीच्या कठड्यावर आत पाय सोडून बसलेला सापडला होता. तेव्हापासून झोपताना तात्या आपला फेटा सोडायचे. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं सदाच्या. आपल्याकडे ओढून न सुटणारी निरगाठ, त्याच्याकडे सुरगाठ.

"अहो, मग उपयोग काय? ओढून जाईल की तो."

"जाऊ दे की. वढली की मला जाग येती. मग टांगा जोडायचा."

आणि खरंच जोडायचे. कधी कराडच्या वाटेवरून, कधी फलटणच्या, पोराला शोधून शेजारी बसवून आणायचे. त्याच्यावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही.

गावाला अक्कल फार. कुणी म्हणे बाहेरचं आहे, देवळाच्या खांबाला साखळीनं बांधा. कुणी म्हणे लग्न लावून द्या. मला एकेकाचा संताप यायचा. मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही. झोपू द्या, मारू नका, जवळ ठेवा. तात्यांनी तेवढंच धरून ठेवलं. एकदाच मला म्हणाले, "माझ्या माघारी कोण वो, बाई?" आणि उत्तराची वाट न बघता घोडा हाकला.

एका सकाळी टांगा आला नाही. चढाचे दिवस चालू होते, मला वाटलं, सदा पळाला असणार. त्यांची खोली टांग्यांच्या नाक्यामागेच होती, म्हणून जाऊन बघितलं. तात्या अंथरुणावर होते, अंग गार पडलेलं. शेजारी सदा मांडी घालून बसला होता. तुम्ही त्याला चढात पाहिलं असतं, तर तुमचाही विश्वास बसला नसता. घटकाभर एका जागी न टिकणारा मुलगा, मनगटाला फेटा तसाच, गाठ तशीच.

"ओढली का नाहीस रे?"

"तात्या निजल्यात," तो हळूच म्हणाला. "वढली तर जागं व्हतील."

मला रडू आवरेना. त्याची गाठ मी ओढून सोडली. तात्यांच्या मनगटावरची मात्र कापावी लागली.

तेराव्यानंतर कराडकडचा चुलता बैलगाडी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यानं सदाचे दोन्ही हात एकत्र करून काथ्याच्या दोरीनं गाडीच्या दांडीला बांधले, निरगाठ मारून.

"अहो, सुरगाठ मारा," मी म्हटलं. "त्याला सवय आहे."

"आन् पळाला तर, बाई? हुडकायला कोण हाय?"

गाडी हलली. मान खाली घालून सदा बोटांनी गाठ चाचपत होता, ओढायचं टोक शोधत होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. तो शोधतच होता.