सुनेच्या पिशवीतली इंजेक्शनं

ती संध्याकाळ काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मी किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तारकर्लीत पर्यटकांना अमली पदार्थ विकले जात असल्याची खबर होती. नेमकी तेव्हाच आचऱ्याची एक साठीची बाई आली आणि तिने बर्फ घातलेली पिशवी टेबलावर ठेवली. आत औषधाच्या कुप्या आणि सुया.

"माझी सून तारकर्लीक लॉजवर जेवाण करता," ती म्हणाली. "फ्रीजमध्ये माशांच्या डब्यामागे ह्यां लपवलेलां. पोटार सुयांचे डाग आसत तिच्या. साहेब, पोरगी व्यसनाक लागली काय?"

सासूला बाहेरच्या बाकावर बसवून सुनेला बोलावून घेतलं. महिला हवालदार शेजारी होत्या. वय अठ्ठावीस, पाच वर्षांचा मुलगा, नवरा ट्रॉलरवर. एवढं सांगितलं, कुप्यांचा विषय काढताच गप्प. गुन्हा लपवणारा माणूस फार बोलतो, असा माझा अनुभव. ही नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"कोणाची वाट बघतेस?"

"कोणाची नाही, साहेब. सहाला इंजेक्शन घ्यायचं असतं. वेळ चुकली तर सगळं फुकट जाईल." मग तिने पर्समधून फाईल काढली. "मी स्त्रीबीज देतेय."

फाईलवर नाव होतं त्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. देणारीचं नाव गुप्त असतं म्हणत त्यांनी बोलायला साफ नकार दिला. हिने स्वतः परवानगी दिली, तेव्हाच बोलल्या. देणारी तेवीस ते पस्तीस वर्षांचीच लागते. रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात, घराण्यातले आजार विचारतात, समुपदेशक बोलतात. आयुष्यात एकदाच देता येतं, विकता तर येतच नाही. रोजची इंजेक्शनं, शेवटी भूल देऊन बीजं काढायची. होऊ शकणारा त्रास तिला समजावून सांगितला होता, फाईलमधल्या संमतीपत्राखाली तिची सही होती.

"यात तुझा फायदा काय?" मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"माझ्या बहिणीला मूल होत नाही. तिला दुसऱ्या बाईचं बीज लागणार. मी म्हटलं, माझं घ्या. तर डॉक्टर म्हणाले, ओळखीतलं चालत नाही, कोणाचं कोणाला गेलं ते कळता कामा नये. घरी येऊन आठ दिवस विचार केला. माझ्या बहिणीसाठी कोणीतरी अनोळखी बाई अशाच सुया टोचून घेईल ना? मग मीही कोणासाठी तरी घेते."

"मग बहिणीचा नंबर आधी लागेल?"

"तसलं काही नाही, साहेब."

"आणि उद्या मालवणच्या बाजारात तुझ्या चेहऱ्याचं पोर दिसलं तर?"

तिने फाईल मिटली. "तेच जड गेलं. नवऱ्याशीही तेच बोलले. पण त्याची आई ती, जी त्याला वाढवते. दिसलंच तर म्हणेन, गोड आहे. आणि पुढे जाईन."

मी पेन खाली ठेवलं.

"सासूबाईंना मी सांगू?"

"नको. मीच सांगते."

बाहेर बाकावर बसून तिने मालवणीत सगळं सांगितलं. सासू खाली मान घालून ऐकत होती. सहा वाजायला आले तशी सून उठली. हवालदारांनी आपली खोली रिकामी करून दिली. सासूही मागोमाग गेली.

आतून तिचा आवाज आला, "माका आधी कित्या नाय सांगलंस गो? दुखता काय?"

बाहेर आल्यावर म्हातारी मला म्हणाली, "साहेब, तिना आपणच सुई टोचून घेतल्यान. मियां नुसती कुपी धरून रवलंय."

ठाणे दैनंदिनीत मी लिहिलं, 'चौकशीत आक्षेपार्ह काही आढळले नाही.' त्याहून जास्त लिहायची सोय नव्हती.

बीजं काढायच्या दिवशी सासूच तिच्याबरोबर गेली. निवृत्तीनंतर दोघी मला कुणकेश्वरच्या देवळात भेटल्या. बहिणीचं अजून काही झालेलं नव्हतं. ती बीज मिळण्याच्या रांगेत होती.

"तू दिलंस त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"ते विचारायचं नसतं," ती हसून म्हणाली.

नोकरीभर मी माणसांच्या वागण्यामागचा स्वार्थ शोधत आलो आणि बहुतेकदा तो सापडला. या बाईपाशी सापडला नाही. ज्याचं नाव कधी कळणार नाही, जो कधी आभार मानायला येणार नाही, अशा माणसासाठी अंगावर दुखणं घेणारी माणसं या किनाऱ्यावर राहतात, रोज आपल्या समोरून जातात. तीस वर्षं गस्त घालूनही मला त्यांचा पत्ता नव्हता.