पाकिटाशिवाय लिहिलेलं पत्र

मी आज जो काही आहे तो आमच्या सरांमुळे. डिचोलीच्या कॉलेजात ते कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायचे. कोणी ईमेल लिहायला घेतला की मागून आवाज येई, "पाकिटात घाल रे!"

ईमेलला कसलं पाकीट, असं तुम्हीही विचाराल. सर सर्वण गावचे. त्यांच्या वाड्यावरचं टपाल पोस्टमन कोपऱ्यावरच्या पोसऱ्यात, म्हणजे दुकानात, ठेवून जातो. सर म्हणत, "पोस्टकार्ड आधी पोसरकार वाचता, मागीर पाव घ्यायला आलेले. ज्याचं त्याला सगळ्यांत शेवटी!"

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर जीपीजी, म्हणजे ईमेल कुलूपबंद पाकिटात घालणारं सॉफ्टवेअर, बसवायला त्यांनीच शिकवलं. किल्ल्यांची जोडी बनवायची. एक सगळ्यांना वाटायची, तिनं कुलूप लागतं. दुसरी आपल्यापाशी, तिनंच ते उघडतं. किल्ली तयार होईपर्यंत माऊस हलवत राहायचं, त्या वेड्यावाकड्या हालचालीतूनच तिचे आकडे घडतात. "हलवा! शिगम्यात ढोल कसा बडवता?" सगळी लॅब माऊस घासू लागे. आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारा मीच पहिला. मला तो सोहळाच वाटे.

मग आमच्या पाळी गावातच राहणाऱ्या माझ्या मावशीनं खनिजाच्या ट्रकांच्या धुळीबद्दल सरकारी कचेरीला ईमेल केला. संध्याकाळी ठेकेदाराची माणसं तिच्या दारात, हातात तिचाच ईमेल छापलेला! "मावशे, खोकला येता तर दार लावून बस." तो कागद कचेरीतून बाहेर कसा गेला, हे कोणी विचारलं नाही. मला आजही संताप येतो.

त्यानंतर गावातल्या लोकांच्या तक्रारी मी सरांच्या किल्लीनं बंद करून त्यांना पाठवू लागलो. ते त्या तक्रारी गावासाठी लढणाऱ्या एका वकिलाच्या किल्लीनं बंद करून पुढे पाठवत. कॉलेजात कुणकुण लागली. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो.

"लपवण्यासारखं आहे काय त्यात?"

"नावं, साहेब."

"मग पासवर्ड द्या."

"किल्ली माझी, पण नावं त्यांची. ती कशी देऊ?"

कंत्राट संपलं, पुढे वाढलं नाही. कारण काय, तर संशयास्पद सॉफ्टवेअर! मावशीचं नाव चव्हाट्यावर आणणारा कचेरीतला माणूस खुर्चीत राहिला आणि कुलूप लावणारा घरी बसला. पोसऱ्यावर लोक बोलू लागले, "मास्तरान कॉम्प्युटरात कसली तरी भानगड केली." सरांनी उत्तर दिलं नाही. दिलं असतं, तर कोणासाठी केलं तेही सांगावं लागलं असतं.

मी आता वास्कोला नोकरी करतो. परवा कळलं, सर हल्ली पाव आणायलासुद्धा पोसऱ्यावर जात नाहीत. त्यांची कुलूप लावायची किल्ली अजून माझ्यापाशी आहे. तरी मी पोस्टात गेलो, साधं पोस्टकार्ड घेतलं आणि मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. आमच्या गावच्या गरीब माणसांची नावं तुम्ही कोणाला सांगितली नाहीत, म्हणून तुमची नोकरी गेली. दुसरं काही कारण नव्हतं. ती माणसं आजही निर्धास्त आहेत. हे पत्र मुद्दाम पाकिटात घातलेलं नाही, रागावू नका. तुमच्या आधी ते सगळ्यांनी वाचावं."