कोणतं नाही

माझ्या साडभावाला आजवर कुणालाही नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवता आलेलं नाही. बँकेतला कारकून असो, गॅस एजन्सीतली मुलगी असो, नाहीतर अकोल्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस असो, समोरचा ‘नाही’ म्हणाला की तुम्ही-आम्ही मुकाट्याने मागे वळतो. साडभाऊ वळत नाहीत. ते खिडकीच्या कडाप्प्यावर कोपर टेकतात आणि जराही न चिडता विचारतात, “कोन्तं नाही?” म्हणजे बस नाही, का बस आहे पण ड्रायव्हर नाही, का दोन्ही आहेत पण निघायला अवकाश आहे, का तुम्हालाच ठाऊक नाही? प्रत्येक ‘नाही’ वेगळं, आणि ते ऐकून माणसाने करायचं तेही वेगळं, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्या खिडकीतल्या माणसाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहून प्रामाणिकपणे सांगितलं, “भाऊ, मलेच माईत नाही.” साडभाऊंनी त्याला दोन्ही हात जोडले आणि समाधानाने बाकावर येऊन बसले. बस त्या दिवशी शेवटपर्यंत आली नाही. पण खरं उत्तर मिळालं याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर घरी परत येईपर्यंत होता.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अकोल्याला असतात, मी अमरावतीला शाळेत भूगोल शिकवतो, आणि आम्हा दोघांची सासुरवाडी तिवसा. वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजी, सासूला मामीजी आणि साडूला साडभाऊ म्हणतात. आम्ही दोघेही एकमेकांना तेच म्हणतो, त्यामुळे फोनवर आमचं सुरुवातीचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कुणाला बोलावतंय ते कळत नाही. त्यांचं लग्नही त्या प्रश्नावरच जमलं. मुलगी पाहून झाल्यावर सासऱ्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला होता, “नाही जमत.” दुसऱ्या कुणी दुसरं स्थळ पाहिलं असतं. हे एकटेच बसने तिवसा गाठून सासऱ्यांच्या ओसरीत जाऊन बसले. सासरे मुख्याध्यापक, बोलणं मोजकं, आणि भावी जावई तोंड वर करून विचारतोय, मुलगा पसंत नाही, का पत्रिका जुळत नाही, का घरदार पटलं नाही? शेवटी सासऱ्यांनी सांगितलं की मुलीची बीएडची परीक्षा आहे, ती होईस्तोवर घरात लग्नाचा विषय नको आहे. “मंग हे नाही नव्हे, नंतर आहे,” म्हणून साडभाऊ उठले आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा हजर झाले. सासूबाई म्हणत, त्या दिवशी सासरे या जावयाशी जेवढं बोलले तेवढं पुढे कधी बोलले नाहीत. “या जवाईबापू, बसा, चहा घ्या,” एवढ्यावर त्या दोघांची वर्षं गेली.

या स्वभावाला साजेसं काम जगात एकच असावं, आणि ते नेमकं त्यांना मिळालं. ते अकोल्याच्या घरात बसून कुठल्या तरी दूर देशातल्या कंपनीसाठी काम करतात. काय काम करता, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला अर्धा तास दिला. लिनक्स हा संगणकाच्या पोटातला कारभारी. फाइल उघडायची असो की नेटवर्कवरून पलीकडच्याशी बोलायचं असो, प्रत्येक प्रोग्रामला मागणं त्याच्याकडेच मागावं लागतं. पण अनोळखी लोकांचे प्रोग्राम चालवायचे, तर त्यांना खऱ्या कारभाऱ्यापर्यंत जाऊ देणं धोक्याचं. म्हणून मध्ये एक दुसरा कारभारी बसवायचा आणि सगळी उत्तरं त्याने द्यायची. “परक्या मानसाले आपन सैपाकघरात नेतो का? नाही. बैठकीतच पानी देतो. पन पानी तेच लागते, साडभाऊ. त्याले समजलं नाही पाह्यजे का आत येऊ देलं नाही म्हनून.” हा मधला कारभारी हुबेहूब खऱ्यासारखा वागतो की नाही ते पाहणं, आणि जिथे वागत नाही तिथे त्याला सुधारणं, हे साडभाऊंचं काम.

त्यासाठी त्यांच्याकडे दोन लॅपटॉप आहेत. एकावर खरा लिनक्स, त्याच्या झाकणावर मार्करने लिहिलंय ‘असल’. दुसऱ्यावर त्यांचा मधला कारभारी. तो टेबलावर असतो आणि ‘असल’ स्वयंपाकघरात, कणकेच्या डब्याशेजारी, कारण चार्जरला मोकळी जागा तेवढीच. काही अडलं की साडभाऊ “असलले इचारून येतो” म्हणत आत जातात. शेजारच्यांना बरेच दिवस वाटत होतं, असल हे माझ्या मेहुणीचं माहेरचं नाव असावं. पुस्तकात काय लिहिलंय यावर त्यांचा विश्वास नाही. पुस्तक म्हणतं तसं असल वागत नसेल, तर असल खरा. एवढंच काय, असलमध्ये एखादी चूक असेल तर तीही जशीच्या तशी उतरवायची, कारण जगातले प्रोग्राम इतकी वर्षं त्या चुकीवरच विसंबून राहिलेले असतात. हे ऐकून माझी बायको म्हणाली, “भाऊजी, मंजे सासरी नांदाले आल्यासारखंच झालं.” त्यावर साडभाऊ मनापासून हसले आणि ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं.

एकदा मी अकोल्याला गेलो असताना ते आठ दिवसांपासून एकाच गोष्टीला चिकटलेले होते. एका प्रोग्रामला एक फाइल एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायची होती, आणि ती दुसरी जागा वेगळ्या डिस्कवर होती. अशा वेळी असल म्हणतो, ‘ही डिस्क वेगळी आहे, उचलून ठेवता येणार नाही.’ ते ऐकून प्रोग्राम समजूतदारपणे नक्कल करून घेतो आणि पुढे जातो. साडभाऊंचा कारभारी मात्र म्हणत होता, ‘परवानगी नाही.’ परवानगीच नाही म्हटल्यावर प्रोग्राम काम टाकून बसला. नेटवर्कचंही तसंच एक प्रकरण होतं. पलीकडचा अजून जोडला जातोय, थोड्या वेळाने विचार, असं सांगायच्या ठिकाणी यांचा कारभारी, त्याने नाकारलं, असं सांगून मोकळा व्हायचा. संगणकात प्रत्येक ‘नाही’ला एक ठरलेला आकडा असतो. आठ दिवसांनी साडभाऊंनी काय दुरुस्त केलं, तर एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा लिहिला. माझी मेहुणी म्हणाली, “आठ दिवसांत एक आकडा?” साडभाऊ म्हणाले, “‘नाही’ तं तो पहिलेपासूनच म्हनून राहिला होता. पन चुकीचं म्हनून राहिला होता.” मला तेव्हा हे सगळं गमतीचंच वाटलं.

मग तिवशात सासऱ्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडातून एकच शब्द निघत होता, आणि तो ‘नाही’. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बहुतेक सगळं समजतं, पण मनातला शब्द ओठांवर येत नाही, सापडतो तोच बाहेर पडतो. हे आम्ही ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि घरी आल्यावर विसरलो होतो. सासूबाई ताट घेऊन जात. “भात देऊ?” “नाही.” “भाकर कुस्करून देऊ?” “नाही.” “दूध तरी घ्या.” “नाही.” आणि डाव्या हाताने ताट सारून देत. भेटायला येणारे म्हणत, मास्तरांनी आता मनच काढून घेतलंय. आठवड्याभरात गळ्याची हाडं दिसू लागली. डॉक्टरांनी सांगितलं की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, “इतके वर्षं माह्या हातचं खाल्लं, आता ताट पाहून नाही म्हनते. मी काय चुकली असन वो?”

दुसऱ्या दिवशी साडभाऊ आले. दोन्ही लॅपटॉप आणले होते, पण उघडले नाहीत. त्यांनी घरात शोधून शाळेची एक कोरी वही घेतली आणि खाटेपासून थोड्या अंतरावर खुर्ची टाकून बसले. कुणी विचारलं, काय विचारलं, किती वाजता, विचारणारा कोणत्या बाजूला उभा होता, ‘नाही’ लांब होतं की तुटक, डाव्या हाताने काय केलं, सगळं लिहू लागले. दोन दिवस हेच. मला संकोच वाटायला लागला. मी त्यांना अंगणात नेऊन म्हणालो, “साडभाऊ, मामाजी माणूस आहेत. मशीन नव्हेत.” ते रागावले नाहीत. म्हणाले, “मशीनले मी इतकं इचारतो. मंग मानसाले काहून नाही इचारायचं?”

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. लांबवलेलं ‘नाऽही’ आणि सोबत डाव्या हाताची बोटं उघडली, की थोड्या वेळाने तीच गोष्ट चालते, म्हणजे ते ‘आता नाही’. तुटक ‘नाही’ म्हणजे खरोखर नको. पण जेवणाच्या वेळचं ‘नाही’ दोन्हींत बसत नव्हतं. सकाळचा चहा, घरात कुणी आलेलं नसताना, सासरे कपभर पीत होते. दुपारी बैठकीत चार माणसं बसलेली असताना पाण्याचा घोटही नाही. साडभाऊंनी बैठकीतल्या सगळ्यांना, मलाही, बाहेर घालवलं. आत फक्त सासूबाई. दार लावलं. खाट अशी फिरवली की चेहऱ्याची उजवी बाजू भिंतीकडे गेली. मग खाटेवर शेजारी बसून त्यांनी एकेक विचारलं. मी दाराबाहेर उभा होतो, मला ऐकू येत होतं.

“मामाजी, भूक नाही?”

“नाही.”

“मामीजीच्या हातचं नको?”

“नाही.”

“लोकायसमोर नको?”

या वेळी ‘नाही’ आलं नाही. मग साडभाऊंचा हळू आवाज आला, “बरं. आता कोनी नाही इथं.”

सासूबाई रिकामं ताट घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून घास खाली ओघळायचा. ज्यांनी जन्मभर पोरांना नीट बसून जेवायला शिकवलं, त्यांना ते गावापुढे नको होतं. “लाजत होते वो ते,” एवढंच सासूबाई म्हणाल्या. नळीची गरज पडली नाही.

पुढचे काही महिने साडभाऊंनी अकोल्याचं बस्तान तिवशाला हलवलं. ‘असल’ तिथल्याही कणकेच्या डब्याशेजारी बसला. सकाळी काम, दुपारी सासऱ्यांच्या खाटेवर. दोघे हातात हात घेऊन बसत. साडभाऊ विचारत, सासरे वेगवेगळं ‘नाही’ म्हणत, आणि त्यातून पीक कसं आहे इथपासून जुन्या शाळेतल्या भांडणापर्यंत सगळं निघे. मी पाहिलंय, एकदा सासरे एका ‘नाही’वर इतके हसले की त्यांना ठसका लागला. काय विनोद झाला ते मला कळलं नाही, आणि साडभाऊंनी सांगितलंही नाही. अमरावतीहून बोलायला शिकवणाऱ्या बाई येत, त्यांनी व्यायाम दिले होते. ते साडभाऊ नेमाने करून घेत.

साडभाऊ चार दिवसांसाठी अकोल्याला गेले असताना पहिला नवा शब्द फुटला. सासऱ्यांनी वरणाचा घास घेतला आणि म्हणाले, “मीठ.” मी लगेच फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, “मीठ पाह्यजे होतं, का मीठ जास्त झालं होतं?” मी म्हणालो, ते विचारायचं राहिलं, सगळे रडत होते. त्यानंतर शब्द येत गेले, आधी सुटे, मग जोडून. साडभाऊ अकोल्याला परतले.

परवा साडभाऊ आणि मी तिवशाला गेलो होतो. सासरे ओसरीत खुर्चीवर बसले होते, टोपी नीट घातलेली. साडभाऊंना पाहून त्यांनी सावकाश, पण स्पष्ट म्हटलं, “या जवाईबापू. बसा. चहा घ्या.” साडभाऊ नमस्कार करून समोरच्या खुर्चीवर बसले. चहा झाला. पावसाबद्दल थोडं बोलणं झालं. मग सासरे रस्त्याकडे पाहत बसले, आणि आम्ही निघालो.

परतताना मी गाडी चालवत होतो. मोझरी मागे पडल्यावर मी म्हणालो, “मामाजी छान बोलाले लागले.”

“हो,” साडभाऊ खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “लय चांगलं झालं. आता त्यायले समदं सांगता येते.” थोडं अंतर गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, “पन मले आता काही सांगत नाही.”

मी गाडीचा वेग तेवढा कमी केला, आणि आम्ही अमरावतीला जरा उशिराच पोचलो.